मापाड्याची वही

१ फेब्रुवारी १९७३, गुरुवार

डोकं उठलंय! महिनाभर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतेय — आपलं शरीर आपण बघा, काय कमी-जास्त झालं ते लक्षात ठेवा. आणि प्रत्येकाचं एकच उत्तर — "डाक्टर बघतील की."

डॉक्टर बघतात गुरुवारी. नगरहून साडेअकराच्या एस.टी.ने येतात, चारच्या एस.टी.ने जातात. उरलेले सहा दिवस मिरजगावात मी, नर्स, आणि कंपाउंडर सहादेव. सहादेवला गोळ्या पुड्यांत बांधता येतात. झालं!

आज गहिनीनाथ पुन्हा आला. बाजारात धान्य मापतो, मापाडी. वय चौतीस. वर्षातली ही चौथी खेप. डोळे सुजून बारीक झालेले, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडली आहेत. मीठ बंद, पाणी मोजून, रोजची लघवी मोजायची, वजन बघायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. पुन्हा एवढी सूज चढली तर पाणी छातीत जाईल, मग माझ्या हातात काही नाही, म्हणाले. रक्त धुण्याचं मशीन मुंबईला, आणि तिथेही नंबर लागत नाही.

हे सगळं डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले. गहिनीनाथ भिंतीकडे बघत होता. जसा काही आजार मलाच झालाय!

२ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याला शंभर पानी वही दिली. तीन रकाने आखून — वजन, पाणी, लघवी. फिनेलची मोठी बाटली धुऊन तिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. लिटरच्या खुणेला तांबड्या शाईने जाड रेघ. "दिवसभराचं इथवर आलं तर बरं समजायचं," म्हटलं.

पहिल्या ओळीला एक आकडा घालायचा तर त्याने लिहिलं — लाभ. मी म्हटलं, अहो, एक लिहा. तर म्हणे, "एकाला लाभच म्हनायचं असतंय, बाई. लाभ, दोन, तीन. बापजाद्यांपासनं तसंच हाय." धान्याच्या राशीला ठीक आहे हो. इथे बाटलीत काय आहे ते तरी बघा!

सोडून दिलं. हात टेकले.

३ फेब्रुवारी

मी एवढा जीव का जाळते, सहादेव विचारत होता. इथल्याच पेशंट लंकाबाईमुळे. गेल्या दिवाळीआधी. तीन दिवस लघवी नव्हती तिला, आणि चौथ्या दिवशी सांगितलं. लाज वाटली म्हणे. नगरला न्यायला जीप मिळेपर्यंत संपली होती. मला कोणी दोष दिला नाही. कोणीतरी द्यायला हवा होता.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

कपाळ माझं!

गहिनीनाथची सूज तसूभर उतरलेली नाही. गेले त्याच्या घरी. बायको रंगुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, त्यामुळे स्वयंपाक त्याच्या आईकडे, साळूबाईकडे. विचारलं, मीठ सोडलं ना?

"सोडलं की. त्याच दिशी सोडलं."

मग सूज का? ताटात बघितलं तर पिठलं, वर मिरचीचा खर्डा. चाखून बघितलं. चांगलं खारट!

"हे काय?"

"त्याचं हाय ते. मीठ म्या सोडलंय. राशीनच्या देवीला बोलले, पोरगं बरं हुईस्तवर मिठाचा कन तोंडात घालनार न्हाई."

"आणि त्याला?"

"आजारी मानसाला अळनी कसं घालू, बाई? त्याच्या जिवाला काय वाटंल?"

सात दिवस ही म्हातारी अळणी भाकरी खातेय. डोक्यावर घागर घेऊन पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी राहतेय. आणि लेक शेजारी बसून खर्डा खातोय! रागवावं तरी कसं? ती एवढ्या मनापासून सांगत होती. शेवटी म्हटलं, आजी, हे मीठ ज्याचं त्यानेच सोडावं लागतं, देवीला बदली चालत नाही. तिला पटलं नाही. देवीचं मला काय कळतं, असा चेहरा केला.

गहिनीनाथ ताटातलं खातच राहिला. त्याला वाटतं हे सगळं आम्ही दोघींनी मिळून करायचं — आईने उपास, मी वही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर खूश. वहीत रोज लघवी एक लिटर. न चुकता. एक लिटर, एक लिटर, एक लिटर. "बघा सिस्टर, गोळी लागू पडली."

आणि समोर पाय खांबासारखे! मला काही हे पचेना. म्हटलं, उद्या बाटली घेऊन या, जशी आहे तशी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटली आली. बरोब्बर तांबड्या रेघेला भिडलेली. आत बघावं तर विहिरीचं पाणी बरं, एवढा फिका रंग. खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. खरी होते ती अर्धा लिटर. वर पाणी घालून रेघेला भिडवत होता.

"का?"

"अपुरं माप कुनाच्या हातात द्यायचं न्हाई, बाई. आमच्या घरात आजवर कुनी दिलं न्हाई."

लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटलं होतं की रेघ गाठणं त्याचं काम. आणि ती रेघ कोणी मारली? मी! शाळेत पास-नापासाची मारतात तशी. स्वतःचाच एवढा राग आला की ब्लेडने खरवडून काढली. मग त्याला म्हटलं — बाजारात कोणी ज्वारीत वाळू घालून क्विंटल पुरा केला, तर त्याला काय म्हणता?

त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"त्याला मापाडी म्हनत न्हाईत," म्हणाला.

बाटली उचलून निघून गेला. आता परत येतो की नाही, देव जाणे.

१९ फेब्रुवारी

आला. वहीत — ४५०. खाली — ५००. आधीच्या सगळ्या लिटरांवर एक मोठी तिरपी रेघ ओढलेली. स्वतः ओढली, मी सांगितलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

दवाखान्याचा वजनकाटा बिघडलाय, नगरला तीन पत्रं लिहिली, घोडं पेंड खातंय ते खातंयच. तर गहिनीनाथ बाजारच्या मोठ्या तराजूत स्वतः जाऊन बसतो! एका पारड्यात हा, दुसऱ्यात लोखंडी वजनं. रोज सकाळी, चहाच्या आधी, तेच धोतर नेसून. "कापडं बदलली की वजन बदलतंय, बाई." मला शिकवतोय!

बाजार हसतो त्याला. हसू देत म्हणाला.

अळणी आता तो खातो. साळूबाईने मात्र तिचं व्रत सोडलेलं नाही. रंगुबाई एकटी मीठ खाते आणि तिला फार अपराधी वाटतं.

नव्या चपला करकचून बसताहेत. दुकानदाराने माप चुकवलं. पुढच्या खेपेला नगरला गेले की तोंडावर मारीन त्याच्या.

८ मार्च

दोन दिवस टँकर नाही. येणारा जाणारा माझ्यावर ओरडतो. टँकर जसा मीच पिऊन बसलेय.

१३ मार्च, मंगळवार

आज गहिनीनाथ गुरुवार नसताना आला. एकटा, चालत, वही काखेत. म्हणाला, "तीन दिसांत दोन किलो चढलं. लघवी तीनशेवर आली. गुरवारपर्यंत थांबायचं काय?"

वहीत स्वच्छ लिहिलेलं — "लग्न. आमटी दोन वाट्या. पापड." लपवलं नाही. रागवावं की आरती ओवाळावी कळेना! श्वास जरा लागत होता. पोस्टात जाऊन नगरला ट्रंककॉल लावला, पाऊण तास बसले, डॉक्टरांनी गोळी दुप्पट करायला सांगितली.

महिन्यापूर्वीचा गहिनीनाथ असता तर घरी पडून राहिला असता आणि आईने आणखी काहीतरी सोडलं असतं. लंकाबाई डोळ्यासमोरून हलत नाही. दोन दिवस. तेवढाच फरक असतो.

१५ मार्च, गुरुवार

उतार पडला. दीड किलो कमी.

आज त्याने डॉक्टरांना स्वतः विचारलं, "ही गोळी सांजच्याला घेतली की झोपमोड हुती. सकाळच्याला घेतली तर चालंल का?" डॉक्टरांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं! मग बोलले बिचारे, थेट त्याच्याशी.

२३ मार्च

सकाळी तोंड जड वाटतं. झोप कुठे धड होते? या उकाड्यात, या धुळीत. सहादेव म्हणतो, बाई, भिंगारला आईकडे आठ दिवस जाऊन या. मी गेले तर इथे कोण?

२९ मार्च, गुरुवार

त्याला आता लघवीची परीक्षा शिकवायची, असं डॉक्टरांच्या परवानगीने ठरवलं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, स्टोव्हवर वरचा भाग उकळवायचा, ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. नासलेल्या दुधासारखं पांढरं झालं तर आजार चालू आहे, स्वच्छ राहिलं तर बरं. करून दाखवलं. त्याचं पांढरं झालं, पण गेल्या महिन्यात मी केलं होतं त्यापेक्षा पातळ.

तर हा अडून बसला. "चोख माल बघितल्याबिगर खोटा वळखू कसा येईल? येक चांगलं बी दाखवा." बरोबरच आहे म्हणा. सहादेवकडे मागितली तर तो लाजून पळाला. म्हटलं, उद्या या, माझी दाखवते.

जाताना म्हणाला, "बाई, तुमचं डोळं लई जड दिसत्यात." म्हटलं, तुमच्यासारखे दहा पेशंट असले की कोणाचेही होतील!

३० मार्च, शुक्रवार

पांढरं झालं.

थेंब टाकले की निवळेल म्हणून टाकले. निवळलं नाही. नळी खराब असेल. धुतली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा कोरी नळी काढली. गहिनीनाथ शेजारी उभा राहून बघत होता. चौथी नळी घेतली तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. काट्याला दोष देऊ न्हाई."

२ एप्रिल, सोमवार

सकाळीच दारात उभा, हातात नवी शंभर पानी. रकाने आखून आणलेले. मी म्हटलं, "गुरुवारी डॉक्टर बघतील की."

त्याने वही पुढे धरली. ज्या उत्तराने माझं डोकं उठायचं, तेच माझ्या तोंडून! चपला घातल्या, टाचेत बसेनात, तशाच ओढत बाजारात गेले. पारड्यात बसले. वजन एकोणसाठ. पहिल्या ओळीत त्याने आधीच लिहून ठेवलं होतं — लाभ.

मी खोडलं नाही.