हिला एकटीला जायचंय

४ फेब्रुवारी, मंगळवार
हिने विमानाचं तिकीट काढलं म्हणे! एकटीचं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं – तेही मी दाढी करत असताना, म्हणजे तोंड उघडायची सोय नको. तेरा तारखेला हिच्या ताईकडे, दहा दिवस. "तुम्ही यायचं नाही. मला एकटीला जायचंय."

गालावर साबण तसाच ठेवून मी विचारलं, "आणि तपासणीचं काय?"

"ते मी बघेन."

काय बघणार? दोन वर्षांपूर्वी हिचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण नस बिघडली ती बिघडलीच. बाहीचं कापड घासलं तरी आग होते. बाहेरून हात धडधाकट दिसतो, सगळा घोळ तिथेच. गेल्या वर्षी विमानतळावर तपासणीवाल्या बाईने नेमका तोच हात धरून वर केला. ही किंचाळली, मी भांडलो आणि विमान आम्हाला सोडून गेलं. तेव्हापासून हिने विमानाचं नाव काढलं नव्हतं. पुन्हा तसंच झालं तर? आणि या वेळी भांडायला कोण आहे?

५ फेब्रुवारी
दिवसभर अबोला धरला. हिच्या लक्षातही आलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
अबोला सोडला. विमान कंपनीला चार फोन केले. 'मदत हवी' अशी नोंद आधी करता येते – बसून तपासणी, हवी तर आडोशाला, हात वर करायची सक्ती नाही. हे गेल्या वर्षी आम्हाला कुणी सांगितलं नाही!

तिकडच्या मुलीने विचारलं, "प्रवासी स्वतः बोलू शकतात का?"

मी म्हटलं, "बोलतात की. जरा जास्तच."

"मग त्यांनाच द्या ना फोन."

द्यावा लागला.

९ फेब्रुवारी, रविवार
आज रंगीत तालीम. जन्मभर कारखान्यांचे नकाशे काढले, तर हॉलमध्ये विमानतळ बसवायला कितीसा वेळ? दोन खुर्च्या म्हणजे दार, धुण्याची टोपली म्हणजे ट्रे, माझ्या हातातलं उलथनं म्हणजे ते पिपाणीसारखं वाजणारं यंत्र. मी आवाज चढवून – "पर्स टोपलीत! चष्मा टोपलीत!" ही हसून हसून बेजार.

मग उलथनं हिच्या मनगटाला लागलं.

हात मांडीवर घेऊन ही खाली बसली. मी 'चुकलं, चुकलं' करत भोवती घिरट्या घालत होतो. शेवटी म्हणाली, "हॉल सगळा टेपने मोजलात. पण कुठे हात लावायचा नाही, एवढं काही मला विचारलं नाहीत."

नाही विचारलं, खरंच. डॉक्टर, शेजारी, टॅक्सीवाला – दोन वर्षं सगळ्यांना हिचं दुखणं मी सांगतो आहे, ही शेजारी उभी असताना. फार लाज वाटली.

१० फेब्रुवारी
सकाळी विचारलं. मोठ्या कागदावर हाताची आकृती काढली आणि पेन्सिल हिच्याकडे दिली. हिने मनगटापासून कोपराच्या चार बोटं खालपर्यंत रेघा मारल्या. झालं!

"आणि वर? खांदा?"

"खांद्याला काय धाड भरली आहे?"

म्हणजे दोन वर्षं मी हिच्या खांद्यावर हात ठेवला नाही तो उगाचच! ठेवला. चहा गार झाला, पुन्हा केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गेली. बिनतिकिटाचा मी बाहेरच. काचेतून पाठ दिसत होती, मग वळणावर तीही दिसेना. कॉफी घेतली, प्यायचं सुचलं नाही. एक तास दहा मिनिटांनी संदेश – 'बसले.' बाकावरच्या अनोळखी बाईंना मी दाखवला. त्या म्हणाल्या, "वा."

संध्याकाळी ताईंच्या घरून फोन. तपासणीवालीने म्हणे स्वतःचे हात मागे ठेवून आधी विचारलं, "कुठे हात लावायचा नाही, दाखवा." हिने दाखवलं. मग हिलाच उजवा तळवा डाव्या बाहीवरून अलगद फिरवायला सांगितला आणि तो तळवा कापडी पट्टीने पुसून ती पट्टी स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्रात घातली. चार मिनिटांत मोकळी.

"मी नव्हतो ते बरं झालं का?"

"हो," ही म्हणाली.

वाईट वाटलं. पण हिच्या आवाजात इतकी ऐट होती की ते फार वेळ टिकलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मुक्काम महिनाअखेरपर्यंत वाढवला! फोनवर मागे ताई खिदळत होत्या. "तुम्हीच या की," ही म्हणाली. मी म्हटलं, कुंड्या आहेत, न्हाणीघरातला नळ गळतो आहे, दूधवाल्याला सांगायचं आहे.

२० फेब्रुवारी
नळ दुरुस्त झाला. कुंड्यांना पाणी शेजारीण घालणार. दूधवाला म्हणाला, "खुशाल जा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
फोनवर ही सांगत गेली, मी तिकिटाचा अर्ज भरत गेलो. शेवटी प्रश्न आला – प्रवाशाला मदत हवी आहे का? मी 'नाही'वर बोट नेलं.

"थांबा," ही म्हणाली. "आजवर विमानात एकटे कधी बसलायत?"

कधीच नाही. लग्नाच्या एकतीस वर्षांत साध्या बसनेही परगावी एकटा गेलेलो नाही.

"भीती वाटतेय?"

कुठे, किती, कशाची – हिने सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग 'हो' केलं.