पहिली फेरी घरच्यांची

४ मार्च, मंगळवार

अप्पा आज आईला आकाशपाळण्यात वरच विसरले!

फाटक उघडायच्या आधीची पहिली फेरी घरच्यांची, हा अप्पांचाच नियम. ही खेळांची बाग काढली तेव्हापासूनचा. ‘जिथं आपली माणसं बसवायला मन धजत नाही, तिथं लोकांची पोरं बसवायची नाहीत.’ म्हणून रोज सकाळी आई नाहीतर मी प्रत्येक खेळात एकदा बसते. अप्पा चालवतात. घरचं माणूस नाही म्हणालं, की तो खेळ त्या दिवशी बंद.

आज आईची पाळी. ती ऐन टोकावर असताना अप्पांनी पाळणा थांबवला, मोटार बंद केली आणि झुकझुकगाडीच्या चाकांना तेल द्यायला निघून गेले. मी तिकीटखिडकी झाडत होते. सहज वर बघितलं, तर निळ्या डब्यात आई, मांडीवर हात ठेवून, बसस्टॉपवर बसल्यासारखी! हाक नाही, ओरडणं नाही. का, तर फाटकाबाहेर शाळेची सहल येऊन उभी होती. मी खाली उतरवल्यावर म्हणाली, ‘एवढ्या लोकांसमोर कशी ओरडू? त्यांना काय वाटलं असतं?’ त्यांना म्हणजे अप्पांना.

धन्य आहे.

५ मार्च

आईशी भांडण. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. तर म्हणे, ‘वय झालं की होतंच. तू नाही का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत?’ अगं, चष्मा आणि बायको यांत काही फरक आहे की नाही! हसली. मग एकदम गंभीर होऊन — ‘दादाला सांगू नकोस.’

म्हणजे तिला सगळं कळतंय. आपलेच दात, आपलेच ओठ.

६ मार्च

दादाला सांगितलंच. शहरात बसून त्याचं उत्तर तयार. ‘मग बंद करा ना सगळं.’ नळ आहे का तो? फोन ठेवताना म्हणाला, ‘तू आहेस ना तिथं, मग मला काळजी नाही.’

वा!

७ मार्च

तिकिटं आईकडे सोपवली आणि दिवसभर अप्पांच्या शेजारी उभी राहिले. सांगितलं, खिडकीत उकडतंय. अप्पांना काय कळत नाही? ‘माझ्यावर पहारा बसवलाय का?’

काम मात्र चोख. प्रत्येक डब्याची कडी स्वतः ओढून बघतात. भारी माणूस एका बाजूला बसला तर समोरच्या बाजूला दोन पोरं. ‘हात आत घे, राजा.’ पोरं त्यांचं लगेच ऐकतात, माझं किंवा खेळांची दुरुस्ती करणाऱ्या आमच्या मिस्त्रीचं ऐकत नाहीत. वाटलं, मीच उगाच साप साप म्हणून भुई धोपटतेय.

जेवताना अप्पांनी विचारलं, ‘दादा शाळेतून आला का?’ आई म्हणाली, ‘येईल इतक्यात.’ आणि ताटात वाढत राहिली. इतकं सहज! ही कधीपासून अशी उत्तरं देतेय?

९ मार्च, रविवार



खूप गर्दी होती. एका बाईनं मुलीला पाळण्याच्या डब्यात बसवलं आणि स्वतः चढायला लागली. एक पाय आत, एक फळीवर. अप्पांनी हँडल ओढलं! मी लाल बटण दाबलं. डबा हिसका खाऊन थांबला. बाई फळीवर आपटली, गुडघा फुटला, मुलगी रडायला लागली. एवढंच झालं. एवढंच, एवढंच, असं दुपारपासून मनाशी घोकतेय.

अप्पा उलट माझ्यावरच ओरडले, सगळ्यांदेखत. ‘बटण कशाला दाबलंस? बसली होती की ती!’ आणि वर — ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!’ आई त्या बाईचा गुडघा धूत होती. तिनं मान वर केली नाही.

खोटं बोलत नव्हते ते. त्यांना ती बाई बसलेलीच दिसली होती. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

१० मार्च

बाग बंदचा वार. पाळणा आता तुम्ही चालवू नका, हे आज सांगायचंच, असं ठरवून अप्पांकडे चहा घेऊन गेले. चहा देऊन परत आले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

११ मार्च

आज मी बसले नाही.

अप्पा म्हणाले, ‘चल, बस लवकर.’ मी म्हटलं, ‘नाही बसत.’

‘का? बरं नाही का?’

‘बरी आहे. तुम्ही चालवणार असाल तर मी बसणार नाही, अप्पा.’

बोलून गेले. त्यांचाच नियम त्यांच्यावर उगारला. अप्पा आईकडे वळले. आई गेली आणि डब्यात बसली. दांडी आपल्या हातानं लावून घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा असा संताप आला मला!

अप्पांनी हँडल धरलं. ओढलं नाही. मग गेले, कडी काढली, आईला हात देऊन खाली उतरवलं.

‘तू काय, मी म्हटलं तर विहिरीतही उडी मारशील,’ तिला म्हणाले. ‘तुझ्या बसण्याला अर्थ नाही. ही बसत नाही म्हणजे बंद.’ स्वतः कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. ‘आपल्या मिस्त्रीला शिकव. हात चांगला आहे त्याचा, फक्त घाई करतो.’ डॉक्टरकडेही येतो म्हणाले. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. भर सकाळी.

मी तिकीटखिडकीत बसून रडले. पण सुटले, असंही वाटलं. झालं एकदाचं. इतका कठीण दिवस परत येणार नाही.

१२ मार्च

सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पाळण्यापाशी हजर. ‘अगं, याला कुलूप कुणी लावलं?’

कालचं काहीच आठवत नव्हतं त्यांना. पहिल्यापासून सगळं सांगितलं. चेहरा कालच्यासारखाच पडला, आणि तसेच आत जाऊन निजले.

आई माझ्याजवळ आली. मग म्हणाली, ‘आज तू सांगितलंस. उद्या मी सांगते.’