दाराच्या आतल्या बाजूचे घाव

झाशी, वैशाख शके १८०८

प्रिय जानकी,

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. समोर बसले तर तू हसशील, मीही हसेन आणि विचारायचं ते पोटातच राहील. काल बकुळाताई तुझं बोलावणं घेऊन आल्या. शुक्रवारी लक्ष्मी तलावाजवळच्या तुझ्या नव्या घरी बोडण आहे आणि देवीभोवती बसणाऱ्या पाच जणींत मी हवी म्हणे! घर चुकलं असेल म्हणून मी त्यांना दोनदा नाव विचारलं.

गदर झाल्यापासून आमच्या घरच्या सवाशिणीला कुणी बोडणाला बोलावलेलं नाही. शहर पडलं तेव्हा सगळी आळी जळाली, तुझे वडील गेले, आणि मधोमध आमचं एक घर तेवढं उभं राहिलं. गोऱ्यांनी सोडलं त्या अर्थी माझे बाबा त्यांना फितूर असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. माणिक चौकातली भाजीवाली अजून शेजारणीला सांगते, "बाई तो बची हवेली की हैं." आणि तिथं तुझं बोलावणं! संशय येणार नाही तर काय होईल? गाव शिंद्यांकडून पुन्हा इंग्रजांकडे गेलं, तेवढ्यात तू इतक्या वर्षांनी ग्वाल्हेरहून परत आलीस, तुझे यजमान त्यांच्या कचेरीत. कोण बंडवाला, कोण फितूर, ही जुनी प्रकरणं उकरणार, अशी कुजबुज आहेच. बकुळाताईंचं पन्ह्यात लक्ष नव्हतं, सारखी आमच्या दाराकडे नजर. राग मानू नकोस, पण दुधानं पोळलं की ताकही फुंकून पितात.

आमचे हे इथंच घरजावई; गदर कशानं पेटला यावर त्यांच्या मंडळींचा आमच्या ओटीवर रोज वाद रंगतो. कुणी काडतुसांची चरबी काढतं, कुणी राज्य खालसा केल्याचं, कुणी नामंजूर झालेल्या दत्तकाचं. मी आतून ऐकते. आपल्या आळीतला कशानं पेटला ते मात्र मला ठाऊक आहे. "नीलकंठकाका कुऱ्हाड घेऊन आमच्या दारात आले होते," असं माझ्या बाबांबद्दल तू रडत रडत तुझ्या आईला सांगितलंस. आठ वर्षांची होतीस, पाहिलंस तेच बोललीस. पुढचं बायकांनी जोडलं.

मी तेव्हा इथं नव्हते. वेढा पडायच्या आधीच बाबांनी आईला आणि मला गरौठ्याला पाठवलं होतं. परत आलो तर दार फुटलेलं, धान्य अंगणभर सांडलेलं, देवघर मोडलेलं आणि अन्नपूर्णेच्या पाठीवर हा मोठा घाव. "गोऱ्यांनी केलं," एवढंच बाबा म्हणाले. तेव्हापासून आई दर शुक्रवारी देवीला न्हाऊ घालते आणि इंग्रजांना शिव्याशाप देते. बाबा तेवढा वेळ परसात जाऊन बसायचे. लोक फितूर म्हणाले, तरी ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. मला त्याचा फार राग यायचा.

मार्गशीर्षात बाबा गेले. पाडव्याला मी दाराला तेल लावत होते, एरवी ते काम बाबांचं. सांधलेल्या फळ्यांवरून हात फिरवताना कळलं, कुऱ्हाडीचे घाव आतल्या बाजूनं आहेत. बाहेरून येणारा शिपाई आतून कसा दार फोडील? माझं डोकं फिरलं. बाबांनी कुणाला आत कोंडलं होतं की काय? चार दिवस खुंटीवरच्या त्यांच्या पगडीकडे मी पाहिलं नाही. शेवटी आईलाच विचारलं. ती देवी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "घाव डावऱ्या हाताचे आहेत. गोरे काय सगळे डावरे होते?"

बाबा डावरे होते, तुला आठवत असेल. लुटलेल्या घरात पुन्हा कोण शिरणार, म्हणून त्यांनी आपलं घर आपल्याच हातानं फोडलं, आणि लूट खरी वाटावी म्हणून देवघरही. फितूर म्हणवून घेणं त्यांना जमलं, देवावर कुऱ्हाड चालवली हे बायकोला सांगणं जमलं नाही. आणि आईला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं! आपल्याला कळलं आहे हे त्यांना कळू नये, म्हणून ती इतकी वर्षं इंग्रजांच्या नावानं ओरडत राहिली. जानकी, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोरीसारखी रडले.

आता तुला विचारते. त्या सकाळी कुऱ्हाड घेऊन बाबा तुमच्या दारात आले, तेव्हा तू उंबऱ्यातच होतीस. ते तुझ्या वडिलांना काय म्हणाले? माझा संशय असा, की तुम्हीही घर फोडा, देवघर मोडा, म्हणून विनवायला आले होते, आणि देवाला हात लावणार नाही म्हणून जनार्दनकाकांनी त्यांना परत पाठवलं. माझा असाही संशय आहे, की हे तुला आठवतं आणि म्हणूनच हे बोलावणं आलं. चुकत असेन तर तसं कळव, मी येणार नाही आणि रागावणारही नाही. पण खरं असेल तर शुक्रवारी सगळ्यांसमोर सांग. आता सांगितलं तरी चालेल, असं आई म्हणते. फक्त बोडण कालवायच्या आधी सांग, म्हणजे बाकीच्या चौघी जाणूनच माझ्याबरोबर बसतील. पाच जणींचे हात एकदा दह्यादुधाच्या परातीत गेले, की कुणाचा हात कुठला ते कळत नाही.

तुझीच, भिंतीपलीकडची
अनुसूया