यंदा केनवड

१५ सप्टेंबर, सोमवार
वाशीमला ट्रेनिंग झालं. विषय: कामाच्या ठिकाणचा भेदभाव ओळखणे व प्रतिसाद देणे. फोल्डर, पेन, सर्टिफिकेट मिळालं. मालेगावला उतरल्याबरोबर सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. संकल्प: आमच्या बियाणे कंपनीत भेदभाव दिसला, की चोवीस तासांत प्रतिसाद. हेड क्लार्कनं नाही द्यायचा तर कोणी द्यायचा?

१६ सप्टेंबर
गोडाऊनपासून लॅबपर्यंत फिरून पाहिलं. भेदभाव आढळला नाही. तशी नोंद केली.

१८ सप्टेंबर, दुपारी ३
लॅबची पौर्णिमा टेबलाशी आली. आमच्याकडे ती एकटीच बौद्ध. सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, शंभर-शंभर दाणे मोजून जर्मिनेटरमध्ये ठेवते, किती उगवले ते पाहते. म्हणाली, दर खंडेनवमीलाच मला सॅम्पल आणायला शेलूबाजारला पाठवतात.

आता आमच्या कंपनीची रीत अशी, की खंडेनवमीला जो ज्या मशीनला कुंकू लावतो, ते मशीन वर्षभर त्याच्या नावावर. यंदा लॅब इन्चार्जची कायम जागा निघाली आहे. म्हणजे जर्मिनेटरला जो कुंकू लावेल, ती जागाही त्याचीच.

मी समजावलं, तुम्ही लोक पूजा मानत नाही, म्हणून मॅनेजर तुमच्या भावना जपतात.

"मले पूजा नाई करायची, काका. पण सहा वर्षं ते जर्मिनेटर मी चालवून राह्यली. त्या दिवशी मी त्याच्यापाशी उभी राहीन. तुमी फक्त आउटडोअर रजिस्टरमधी माझं नाव लिहू नका."

कोण कामासाठी बाहेर जाणार, ते लिहायचं रजिस्टर माझ्याकडे. म्हणजे मॅनेजर सांगतात, मी फक्त लिहितो. शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला.

२० सप्टेंबर
मॅनेजरशी बोलायला गेलो. त्यांना सर्दी. सर्दीत माणूस चिडका होतो. पुढे ढकललं.

२४ सप्टेंबर
आज बोललोच असतो. तेवढ्यात तेच म्हणाले, बबलूले तयार केलं ना तिनं? बबलू म्हणजे त्यांचा भाचा. मार्चपासून लॅबमध्ये आहे. दाणे मोजायला पौर्णिमानंच शिकवलं, अजून शंभराचे सत्त्याण्णव करतो. फोल्डरमध्ये लिहिलंय, आधी शांतपणे ऐकून घ्या. ऐकून घेतलं.

२९ सप्टेंबर, सोमवार
मॅनेजर म्हणाले, बुधवारी खंडेनवमी, तिला बाहेरच्या ड्युटीवर टाका. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली. पण शब्द म्हणजे शब्द. पाऊण तास पेन हातात धरून बसलो, मग सुचलं. दरवर्षी शेलूबाजार लिहितो ना? यंदा केनवड लिहिलं. शिवाय एसटीनं नाही, कंपनीच्या जीपनं. मॅनेजर खूश, तिचाही मान राहिला.

घरी संगीताला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं डोकं ठिकाणावर हाये ना? बायकोला ऑफिसमधलं काही कळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
गेटवर जीपचा हॉर्न वाजत होता. पौर्णिमा गेली नाही. अ‍ॅप्रन घालून, हात बांधून जर्मिनेटरपाशी उभी. ग्रेडिंग मशीनची पूजा आटोपून मालक लॅबमध्ये आले. मागे बबलू, हातात पूजेचं ताट. मॅनेजर म्हणाले, ही तर केनवडला जाणार होती.

"साहेब, मले दर खंडेनवमीले बाहेर पाठवतात. काकाले विचारा."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मालकांनी विचारलं, खरं का हो? तोंडात पहिल्या पूजेचं खोबरं होतं. प्रसाद काय थुंकायचा? कसंबसं गिळलं आणि म्हणालो, रजिस्टर पाहावं लागेल.

खोटं तर नाही बोललो.

बबलूनं कुंकू लावलं. ती जागची हलली नाही, त्याला तिच्या बाजूनं हात घालावा लागला. मला तिच्याकडे बघवलं नाही.

७ ऑक्टोबर
तिनं हेड ऑफिसला तक्रार केली. परवा चौकशी, मलाही बोलावणं आहे. मुख्य साक्षीदार मीच असणार. आता सगळं सांगतो, कोणाच्या बापाला भीत नाही. शर्ट इस्त्रीला दिला. सर्टिफिकेट सोबत नेतो, वजन पडतं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
चौकशीच्या मॅडमनी तक्रार वाचली. साक्षीदारांत माझं नाव नव्हतं. वाटलं, टायपिंगची चूक. मग 'ज्यांच्याविरुद्ध तक्रार' आलं. एक, मॅनेजर. दोन, मी. सोबत रजिस्टरच्या पानांचे फोटो, सहा शेलूबाजार आणि एक केनवड. मॅडम म्हणाल्या, अक्षर छान आहे तुमचं.

घाबरून सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी त्यावरची तारीख पाहिली, मग केनवडची तारीख पाहिली, आणि सर्टिफिकेट तक्रारीच्याच फायलीला लावून घेतलं. बबलूची कायम जागेची ऑर्डर थांबवली आहे.

बाहेर बाकावर पौर्णिमा बसली होती. विचारलं, माझं नाव काहून टाकलं, बाई? मी तुझ्याच बाजूनं होतो.

"रजिस्टरमधली ती रेघ कोरी सोडली असती ना काका, तरी नसतं टाकलं."

उद्या सकाळी लेखी खुलासा द्यायचा आहे. पहिली ओळ लिहिली: मी फक्त लिहितो. वाचून पाहिली आणि खोडली. पुढे अजून काही सुचलेलं नाही.