गुरुवार परत आणताना

प्रिय आरोही,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघासुद्धा. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसती "बरं, बरं" म्हणत राहतेस आणि मी मुद्द्याचं सोडून हवापाण्यावर बोलते. म्हणून आज ड्यूटीवरून आल्यावर चहा घेतला आणि सरळ लिहायला बसले. अक्षर लागत नसेल तर चालवून घे. नर्सचं अक्षर डॉक्टरांइतकं वाईट नसतं, एवढंच.

हरसूलहून परतलो त्या दिवशी तू गाडीतून उतरलीस, बॅग खांद्याला अडकवलीस आणि "चला, येते" म्हणून निघालीस. तेव्हा मला खूप बोलायचं होतं, पण गाडीजवळ माणसं होती. त्या दोन दिवसांत तू काय केलंस ते तुला स्वतःला कळलेलं नाही असं मला वाटतं. मला मात्र जवळून बघायला मिळालं.

शुक्रवारी सकाळी वॉर्डातला राउंड आटोपून मी खाली आले, तर नोंदणीच्या खिडकीपाशी ही गर्दी आणि सगळे स्क्रीन काळे. रात्री वीज चारदा गेली-आली, त्यात सर्व्हरच्या डिस्क बसल्या. दिनेशच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नाशिकपासून पार डोंगरातल्या पाड्यांपर्यंतच्या आपल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी त्या एका सर्व्हरवर. तो माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "सिस्टर, आरोही मॅडमना बोलवू का?" कॉम्प्युटरच्या माणसानं वॉर्डाच्या सिस्टरला असं का विचारावं? पण त्याला विचारावंसं वाटलं आणि मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी म्हटलं, "बोलव. येईल ती." म्हटलं खरं, पण मला खात्री नव्हती. वर्ष होऊन गेलं, तू हॉस्पिटलची पायरी चढली नव्हतीस. घराची तर नाहीच.

आणि तू आलीस. अंबडच्या ऑफिसातून सुट्टी टाकून, हेल्मेट हातात घेऊन, घाईनं चालत. माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि थेट सर्व्हरच्या खोलीत गेलीस.

लग्न होऊन आलीस त्या पहिल्या हिवाळ्यात तूच ही यंत्रणा बसवलीस, आठवतं? रात्री जेवताना मी विचारलं होतं की स्नॅपशॉट म्हणजे काय गं. रविराज हसला, "आईला काय करायचंय?" तू मात्र हातातला घास ताटात ठेवलास आणि नीट सांगितलंस, की रोज रात्री सगळ्या यंत्रणेचा जणू एक फोटो निघतो, आणि काही बिघडलं तर त्या फोटोत होतं तसंच्या तसं सगळं पुन्हा उभं करता येतं. मला लगेच समजलं. तू समजावतेस तेव्हा समोरच्याला आपण अडाणी आहोत असं वाटत नाही. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तू जुन्या मशीनवर तो फोटो उभा करून बघायचीस, तेव्हा ट्रस्टी कुरकुरायचे, की चांगलं चाललंय तर ही उठाठेव कशाला. तू हसत म्हणायचीस, "परत आणून बघितल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही." तू सोडून गेल्यावरही दिनेशनं ती सवय मोडली नाही. म्हणून त्या दिवशी निदान जुनं मशीन तयार होतं.

त्या खोलीत सगळे तुझ्या मागे उभे होते. गुरुवार रात्रीचा फोटो निघत असतानाच वीज गेली होती, तो अर्धवट. "तोच टाका ना, निदान ताजा तरी आहे," असं कुणीतरी म्हणालं. तू मागे न बघता म्हणालीस, "अर्धवट असेल तर कुठे खोटं बोलतोय ते कळणार नाही." मग बुधवार रात्रीचा घेतलास. तोही आधी जुन्या मशीनवर उभा केलास. मला बोलावून घेतलंस आणि वॉर्डातल्या रुग्णांची नावं, औषधं, तारखा माझ्याकडून एकेक करून पडताळून घेतल्यास. बाहेर माणसं आरडाओरडा करत होती, हृदयविभागाच्या डॉ. वेदिका दर थोड्या वेळानं दारात येऊन घड्याळ बघत होत्या, आणि तुझा हात कुठे घाईला आला नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काढलीत. असे हात मी तिथेही मोजकेच बघितलेत.

दुपारी स्क्रीन उजळले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिनेश तर डोळे पुसत होता. फार्मसीतल्या मुलींनी लगेच लेबलं काढायला घेतली, कारण शनिवारची गाडी हरसूलकडे जाते आणि हृदयाच्या झडपा बदललेल्या रुग्णांची महिन्याभराची गोळ्यांची पाकिटं त्याच गाडीनं जातात. तू तिथे जाऊन लेबलाच्या प्रिंटरची वायर काढलीस आणि गुंडाळून चक्क खिशात घातलीस. सगळे बघतच राहिले.

"मशीन परत आलंय," तू म्हणालीस, "पण त्याला गुरुवार माहीत नाही."

गुरुवार म्हणजे आपली हृदयाची ओपीडी. रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा डोस त्याच दिवशी तपासणी करून बदलतात. कुणाची वाढवतात, कुणाची कमी करतात. कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. आणि परत आलेल्या मशीनमध्ये सगळ्यांचे डोस बुधवारचे. स्क्रीनवर मात्र ते इतके व्यवस्थित दिसत होते, की कुणालाच शंका आली नसती. मलाही आली नव्हती, खरं सांगते.

मग तू खुर्ची ओढून फोनपाशी बसलीस. कागदावर नोंद कुठेच नव्हती, म्हणून गुरुवारी कोण कोण आलं होतं ते आम्ही आठवून आठवून सांगितलं, आणि तू, मी आणि दिनेश एकेकाला फोन लावत गेलो. सांगितलेला डोस डॉ. वेदिका तपासायच्या, तेव्हा कुठे तो मशीनमध्ये जायचा. "दादा, आमचं मशीन बिघडलं होतं, तुमची गुरुवारची माहिती गेलीय, म्हणून विचारतेय," असं तू प्रत्येकाला आधी सरळ सांगत होतीस. ट्रस्टींना ते आवडलं नाही. हॉस्पिटलची चूक अशी चव्हाट्यावर कशाला मांडायची, असं त्यांचं म्हणणं. तू शांतपणे म्हणालीस, "का विचारतोय ते कळलं तर माणूस नीट आठवून सांगतो." आणि खरंच लोक नीट सांगत होते. घोटीच्या एका आजोबांनी तर गोळी तोडून दाखवायला व्हिडिओ कॉल केला.

संध्याकाळपर्यंत सगळे झाले, एक भागीबाई राहिली. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्याकडे फोन नाही. ज्या भाच्याचा नंबर दिलेला, तो द्राक्षांच्या कामावर गेलेला आणि फोन बंद. डॉ. वेदिका दमल्या होत्या. दिवसभरात साठ-सत्तर जण बघणाऱ्या बाईनं कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं? त्या म्हणाल्या, "भागीबाईचा डोस दोन वर्षं तोच आहे. बदलला नसणार."

तू त्यांच्याकडे बघितलंस. आवाज चढवला नाहीस. "मॅडम, बदलला नसणार, की बदललाच नाही?"

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "माहीत नाही." एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण सगळ्यांसमोर असं म्हणाल्या, म्हणून मला त्यांचंही कौतुक वाटलं. आणि मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, "उद्या गाडीत आपल्याला जागा होईल का?" आपल्याला म्हणालीस. वर्षभरानंतर.

शनिवारी हरसूलचा बाजार होता. बोट टोचून रक्त तपासायचं छोटं मशीन मी पर्समध्ये घेतलं होतं. पाड्यावर गेलो तर भागीबाई बाजाराला गेलेली. परत फिरलो. सुकी मासळी, बांगड्या, पत्र्याच्या बादल्या, सगळ्या गर्दीतून तू प्रत्येक बाईला वाकून विचारत होतीस. ती सापडली वरईच्या ढिगामागे, गिऱ्हाइकाशी भांडत. तू तिच्यासमोर मातीतच बसलीस. गोळीचं विचारल्यावर ती म्हणाली, "डाक्तर बाईनी सांगला ना, आता अर्धीच खा. हिरड्यांतून रगत येत होता माझे." मी तिचं बोट टोचलं. रक्त अजूनही हवं त्यापेक्षा पातळच होतं. डॉ. वेदिकांना फोन लावला, त्यांनी अर्धीच सांगितली. आणि भागीबाईचं बुधवारच्या हिशोबाचं पाकीट निघालं असतं ते अख्ख्या गोळीचं. वर लेबल असतं, हॉस्पिटलचा शिक्का असतो. तिनं आपल्यावर विश्वास ठेवून महिनाभर अख्खी खाल्ली असती.

तू तिच्याकडून पसाभर वरई घेतलीस, रुमालात बांधलीस, आणि मग थोडं बाजूला जाऊन पाठमोरी उभी राहिलीस. मी मुद्दाम आले नाही जवळ.

परत येताना तू माझ्या गुडघ्याचं विचारलंस, वॉर्डाचं विचारलंस. रविराजचं नाव काढलं नाहीस, आणि मीही नाही. तुमचं दोघांचं का बिनसलं, हे मी तेव्हाही खोदून विचारलं नव्हतं आणि आता कोर्टाचे कागद होऊन गेल्यावर विचारणार नाही. तो माझा मुलगा आहे, वाईट नाही. तूही वाईट नाहीस. एवढं मला पुरतं.

पण एक सांगायचं होतं आणि ते गाडीत माझ्या तोंडून निघालं नाही. रविराजचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात रजिस्टर करणार आहेत, थोडक्यात. मुलगी सिन्नरची, शाळेत शिकवते. मी तिच्याशी चांगलीच वागेन, तिचा काय दोष? हे तुला कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कळू नये, मधल्या कुणी कुजबुजत सांगू नये, माझ्याकडूनच आणि सरळ कळावं, म्हणून हे पत्र. वाचून वाईट वाटलं तर वाटू दे, मला काही समजावून लिहू नकोस. लग्नाला ये असं मी म्हणणार नाही. मात्र लग्नानंतरच्या रविवारी मी तुझ्या घरी जेवायला येणार आहे. त्या दिवशी एकटं बसायचं असेल तर तसं कळव, मी त्याच्या पुढच्या रविवारी येईन. तेही नको असेल तर त्याच्याही पुढच्या.

तुझीच,
आई