वाढत्या अंगाचा सदरा

दि. ३ फेब्रुवारी
चि. सौ. चिमणीस, अ. उ. आ.

तुझी दोन्ही पोरं सुखरूप पोचली. तिकडे बॉम्ब पडताहेत, तू इस्पितळातली नोकरी आणि जीव सांभाळ. इकडची काळजी भावावर सोड. थोरलीला दुकानात शिलाईच्या मशीनवर बसवलंय. हात थेट तुझा आणि तोंडही तुझंच, बाई! धाकट्याचं माझ्या पोराशी दिवसभर भांडण, आणि जेवायला मात्र दोघं एकाच ताटात. लष्कराच्या गणवेशांचं काम मिळालंय, उपाशी मरणार नाही. मी आहे तोवर धाकट्याच्या केसालाही धक्का लागणार नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा दादा

दि. २० मार्च
ती. आईस, शि. सा. न.

गणवेशांची मापं लहान लहान होत चालली होती. तुझ्या सवयीप्रमाणे मी बाहीत कापड दुमडून ठेवलं, तर मामा खेकसले, की हे अंगाबरोबरच शिवायचे. मग माझ्याकडे काजं करायला एक सदरा आला, डावी बाही आखूड. मी हसून म्हटलं, हा कोण बुवा आपल्या धाकट्यासारखा मोडून आखूड झालेल्या हाताचा शिपाई? मामा हसले नाहीत.

काल दुकानासमोरून मुलांनी भरलेला ट्रक गेला. मागे फळी धरून धाकटा उभा होता, अंगात तोच सदरा. मला बघून त्यानं हात हलवला. मी धावले गं, पण ट्रक थांबला नाही. मामींनी रडत रडत सांगितलं, की घरटी एक मुलगा द्यायचा हुकूम होता. मामांनी स्वतःचा मुलगा माळ्यावर लपवला आणि आपल्या धाकट्याला पुढे केलं. त्याला म्हणाले, ट्रक आईकडे जातोय.

आई, त्याची काजं मीच केली.
तुझी थोरली

दि. २ एप्रिल
ती. दादास,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. तुझं पोर वाचावं असं तुला वाटलं, ते मला कळतं. पण माझ्या बारा वर्षांच्या पोराला माझंच नाव सांगून फसवलंस? परक्यानं गळा कापला असता तर इतकं दुखलं नसतं रे. उद्या मी छावण्या धुंडाळायला निघतेय. थोरलीला तिच्या मामींबरोबर इकडच्या गाडीत बसवून दे, तू सोबत येऊ नकोस.

एकच विचारते. पोराचा कपडा वाढत्या अंगाचा शिवावा, हे आईनं आपल्या दोघांना शेजारी बसवून शिकवलं होतं. माझ्या लेकाचं माप घेताना तो तुझ्यासमोर हात पसरून उभा राहिला असेल. तेव्हाच ठरवलं होतंस ना, की हा आता वाढायचा नाही?

चिमणी