तिसरी वाफ

६ सप्टेंबर
कॉफीवाल्यांचे धाकटे मालक आज मल्लेश्वरमहून इकडे पीण्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या वर्कशॉपात आले. त्यांच्या गच्चीवरचा निऑनचा कप. तांबडा कप, वर वाफेच्या तीन पांढऱ्या रेघा. तिसरी सात वर्षं बंद आहे. म्हणाले, "दसऱ्यातल्या आयुधपूजेला तिन्ही लागल्या पाहिजेत. तुझ्या वडिलांचं राहिलेलं काम, तूच कर." मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो. म्हणायला नको होतं. अप्पा तीच रेघ बदलायला चढले होते आणि तिथूनच...
आईला सांगितलं नाही.

८ सप्टेंबर
बसण्णा, म्हणजे आमच्याकडे काच वाकवतात ते, अप्पांचे जोडीदार. कप त्या दोघांनीच केला, माझ्या जन्माआधी. रिक्षावाल्याला अजून नुसतं 'कॉफी कप' सांगितलं की पुरतं. वाफा एकापाठोपाठ लागायच्या. आता दोन लागतात आणि तिसरीच्या वेळेला अंधार. नव्या लोकांना वाटतं, कप असाच आहे. थोरल्या मालकांनी तिसरीला कुणाला हात लावू दिला नाही. दर आयुधपूजेला खालच्या फ्रेमला झेंडूची माळ घालायचे. ते यंदा उन्हाळ्यात वारले.

१३ सप्टेंबर
आईला बाजारात बसण्णा भेटले. कळलं. रागावली असती तर बरं झालं असतं.
"तू चढणार?"
"आता पट्टा बांधून चढतात, आई."
"पट्ट्याचं कुठं विचारलं मी?"
ती कपासमोरच्या मेसमध्ये चपात्या लाटते. म्हणाली, "दोन लागतात, मग जरा थांबतं बघ. तेवढ्यात मी तुझ्या अप्पांना बघून घेते. तीपण पेटवलीस तर मी बघू कुठं?"
ताटात भात तसाच.

१९ सप्टेंबर
नळी वाकवून झाली. वाकवताना नळीत फुंकत राहावं लागतं, बसण्णांना मध्येच दम लागला. "तुझा बाप फुंकायचा तर शेजाऱ्याची चूल पेटायची. आमची फुंक आता स्वल्पच." खाली टेबलावर लावून बघितली. स्वच्छ पांढरी. "सात वर्षं लोक बिचारे निवलेली कॉफी पितायत," म्हणाले. हसलो. जाताना म्हणाले, "वहिनी चुकीचं बोलत नाहीत रे. पण मालकही..."

२४ सप्टेंबर
धाकट्या मालकांचा फोन. जमत नसेल तर दुसरा माणूस बोलावतो, जुनी नळी तो काढून टाकेल. आवाज चढवला नाही.
आईला सांगितलं. लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "परका हात नको."
"मग मी जाऊ?"
तिने लसणाची सालं गोळा केली आणि उठली.

२८ सप्टेंबर
चढलो. दुपारची वेळ, शिडी कोरडी. पट्टा तीनदा तपासला. आई रस्त्यापलीकडे मेसच्या दारात, हात पिठाचे. खाली मान घालून उभी.
वर जुनी नळी तशीच आहे. तांब्याच्या तारेने चार ठिकाणी बांधलेली. दोन गाठी सोडलेल्या, तारेची टोकं मागे वळवून ठेवलेली, हाताला लागू नयेत म्हणून. तिसरी गाठ अर्धी सुटलेली. अप्पा तिथवर आले होते.
पक्कड लावली. न पिळताच मागे घेतली.
नवी नळी घेऊन तसाच उतरलो. मालकांना म्हणालो, फ्रेम गंजली आहे, दोन दिवस द्या. फ्रेमला काही झालेलं नाही.
आईने विचारलं, "झालं?" नाही म्हणालो. मग वर काय दिसलं ते सगळं सांगितलं. तिने पीठ झटकलं, पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.
"तिसरी किती सुटलीय?"
मी बोटावर पेर धरून दाखवलं. ती त्या पेराकडे बघत राहिली. मलाही हात खाली घेता येईना.
परवा परत चढायचं आहे. चढ म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.